अठरा वर्षांची चूल

कुंदा असनारे जळकी बाई होती. लोकांना हे माहीत होतं की नाही कोण जाणे, पण तिला स्वतःला पक्कं माहीत होतं. वर्गात एखाद्या मुलीचं अक्षर आपल्यापेक्षा सुरेख निघालं, तरी तिच्या पोटात बारीक कळ उठायची. शेजारच्या कौशल्याबाईंच्या तुळशीला जास्त मंजिऱ्या आल्या, तरी तेच. मात्र देवानं हा रोग देताना जोडीला लाजही दिली होती, म्हणून ती कुणाचं वाईट करायला कधी गेली नाही. आतल्या आत धुमसायची आणि वेळेवर शाळेत जायची. अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत ती तीस वर्षं मराठी आणि संस्कृत शिकवत होती.

कुणाच्या घरची लग्नपत्रिका आली, की बाकीचे लोक मुलगा कुठला, मुलगी कुणाची आणि जेवण किती वाजता ते बघतात. कुंदा पत्रिका उलटी करून बघायची. मागची बाजू कोरी असली म्हणजे लग्न चांगलं. जाड पत्रिकेच्या कात्रीनं चार सारख्या पत्त्या व्हायच्या. एका पत्तीवर एक शब्द, त्याखाली भाषा, अर्थ, आणि तो कुठून मिळाला त्याची नोंद. पत्त्या बुटांच्या खोक्यात उभ्या लावलेल्या. एका बाजूला लॅटिन शब्द, दुसऱ्या बाजूला 'चि. सौ. कां.'.

हा नाद तिला १९९६ साली लागला. रद्दीच्या दुकानात, कुणा मिशनऱ्याच्या मागं उरलेल्या पुस्तकांत, तिला पाठ फाटलेला लॅटिनचा कोश सापडला. घरी येऊन तिनं सहज तो उघडला, तर समोर 'फोकस'. फोकस तिला फोटो स्टुडिओतला माहीत होता. लग्नाच्या मांडवात डोळ्यांवर मारतात तो माहीत होता. कोश म्हणत होता, फोकस म्हणजे चूल.

चूल! कुंदा त्या दिवशी जेवायची विसरली.

मग तिनं शोध लावला. रोमन लोक विस्तवाला 'इग्निस' म्हणत आणि चुलीला 'फोकस'. पण लॅटिनच्या लेकी मोठ्या होऊन आपापल्या घरी गेल्या, तेव्हा एकीनंही इग्निस बरोबर नेला नाही. इटालियनमध्ये विस्तव म्हणजे फ्वोको, स्पॅनिशमध्ये फ्वेगो, पोर्तुगीजमध्ये फोगु, फ्रेंचमध्ये फ, कॅटलान आणि रोमानियनमध्ये फोक. साऱ्याजणी विस्तवाला चुलीचंच नाव घेऊन बसल्या. उद्या आपल्याकडं लोक म्हणायला लागले, जंगलाला चूल लागली, किंवा दादा बिडीला जरा चूल द्या, तसला हा प्रकार. फ्रेंच शब्द तिला वाचनालयात मिळाला. स्पॅनिश-पोर्तुगीजसाठी तिनं परदेशी रेडिओ केंद्रांना पत्रं लिहिली. रोमानियनचं उत्तर यायला एक वर्ष आणि चार स्मरणपत्रं लागली. उत्तराच्या दिवशी तिनं शाळेत पेढे वाटले आणि कारण विचारल्यावर सांगितलं, भाचा पास झाला.

एक गोष्ट मात्र तिला जमली नाही. या कुटुंबाचं झाड तिला काढता येईना. मुळाशी इग्निस लिहिला तर फांद्या त्याच्या नाहीत. मुळाशी फोकस लिहिला तर विस्तवाचा अर्थ कुठून आला ते दिसत नाही. अठरा वर्षांत तिनं चाळीसेक झाडं काढली. प्रत्येक झाड मधेच मोडल्यासारखं दिसायचं.

दर जानेवारीत ती बसनं अमरावतीला जायची. तिथल्या एका जुन्या वाचनालयाची व्याख्यानमाला असे. पूर्वी पाच दिवस चाले. कापसाचे जिनिंगवाले देणगी देत. जिन बंद पडत गेल्या तशी माला आखडत आखडत एका दिवसावर आली. वाचनालयाचे कार्यवाह बापूसाहेब वकील तिला दर वर्षी चहाच्या वेळी म्हणत, "कुंदाताई, पुढच्या वर्षी तुम्ही." हे त्यांनी अकरा वेळा म्हटलं होतं. कुंदानं मोजलं होतं. त्या दिवशी नेसायची साडीसुद्धा ठरली होती. मधल्या काळात तिची घडी दोनदा मोडली आणि पुन्हा घातली.

२०१४ साल आलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी गारपीट झाली, मग पाऊस ओढला, पेरण्या दोन-दोनदा झाल्या. कुंदाच्या खोक्यात भर पडेना. पत्रिका पातळ झाल्या, दोन्ही बाजूंनी छापलेल्या येऊ लागल्या, पुष्कळांची तर नुसत्या फोनवर बोलावणी. दिवाळीनंतर नववीच्या वर्गात सहा बाकं रिकामी राहिली. मुली कापूस वेचणीला गेल्या होत्या.

डिसेंबरात शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या बेबीताईंनी मोबाइल तिच्या नाकासमोर धरला.

"पाह्य कुंदा. तुझी यास्मीन भाषण देऊन राहिली अमरावतीले."

"कोण यास्मीन?" कुंदानं विचारलं. तिला चांगलं माहीत होतं.

"नाटक नको करू. मोर्शीची. मामाकडे राहून शिकत होती इथं. तुझ्या पत्त्या कापायले बसायची मधल्या सुट्टीत. विषय पाह्य, 'एका रोमन शब्दाची लेकरं'. हे तुझंच तं खूळ होतं ना?"

"शब्द कुणाच्या मालकीचे नसतात," कुंदा म्हणाली आणि वर्गावर गेली. तो तिचा रिकामा तास होता.

यास्मीन आता नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात होती. तिथली यंत्रं इटलीची आणि स्पेनची. त्यांची पुस्तकं मराठीत आणायची, तिकडचे तंत्रज्ञ आले की मध्ये उभं राहून बोलायचं, हे तिचं काम. दोन्ही भाषा ती तीन वर्षांत बोलायला शिकली होती. कुंदाला अठरा वर्षांत एकही बोलता येत नव्हती. तिला कुणी भेटलंच नव्हतं बोलायला. यास्मीननं कारखान्यातल्या एका समारंभात फोकसची गोष्ट सांगितली, बापूसाहेबांनी ती ऐकली आणि तिथंच तिला आमंत्रण दिलं. अकरा वर्षं 'पुढच्या वर्षी' म्हणणारा माणूस तिला म्हणाला, "या जानेवारीत."

पुढच्या रविवारी यास्मीन संत्र्यांची पिशवी घेऊन कुंदाच्या दारात उभी राहिली.

"मॅडम, तुमचंच आहे हे सगळं. मी बापूसाहेबांना म्हटलं, मॅडमना बोलवा. ते म्हणाले, नव्या पिढीला संधी द्यायची आहे."

"बरोबरच आहे," कुंदा म्हणाली. "जुनी पिढी काय, बसमध्ये बसून येतेच."

यास्मीनला टोमणा कळला नाही, की तिनं कळू दिलं नाही. ती खाली सतरंजीवर बसली, खोकं पुढं ओढलं आणि एकेक पत्ती दोन्ही हातांनी काढून बघू लागली. मग तिला झाडाचा कागद दिसला.

"हे असं काहून दिसते मॅडम? मधूनच तुटल्यावानी?"

"तेवढंच जमत नाही."

यास्मीन संत्रं सोलत होती. सोलता सोलता कागदाकडं बघत होती. एकाएकी हसली.

"मॅडम, हे झाड नाहीच. हे कलम आहे! अब्बा रोपवाटिकेत करतात ते. खाली खुंट जंबेरी लिंबाचा. मुळं त्याची, पाणी तोच ओढतो. नऊ इंचांवर चीर मारायची, आत संत्र्याचा डोळा बसवायचा, पट्टी बांधायची. डोळा फुटला की वरची जंबेरी कापून टाकायची. नाव संत्र्याचं, फळ संत्र्याचं. उभं मात्र जंबेरीवर. इथं हा विस्तवाचा जुना इन्यीस म्हणजे जंबेरी. त्याच्यावर चुलीचा डोळा भरला कोणीतरी."

तिनं पेन्सिलीनं खुंट काढला, तिरपी चीर काढली, वर सहा फांद्या काढल्या. झाड उभं राहिलं. कुठंही मोडलेलं नव्हतं.

क्षणभर कुंदाला निव्वळ आनंद झाला. अठरा वर्षांचा काटा निघाला होता. आणि लगेच दुसऱ्या क्षणी ती कळ आली, पण बारीक नव्हे. हिला सुचलं. मला नाही. आणि हिला ते संत्रं सोलताना सुचलं.

"बरं आहे," ती म्हणाली. काठावर पास झालेल्या मुलींनाही ती असंच म्हणायची.

तरी तिनं खोकं अख्खं देऊन टाकलं. जळकी होती, पण कद्रू नव्हती.

व्याख्यानाच्या आठ दिवस आधी यास्मीननं लिहिलेली अकरा पानं आली. वर चिठ्ठी होती: 'मॅडम, चुका काढा. तुमच्याशिवाय कुणाला दाखवलं नाही.' कुंदा लाल पेन घेऊन बसली. लिखाण चांगलं होतं. फार चांगलं होतं, आणि प्रत्येक पानागणिक तिचा जीव खाली जात होता. सातव्या पानावर पेन थांबलं.

'कलमाखालचे फुटवे छाटावेत तसा विस्तवाचा जुना शब्द छाटला गेला. त्याचं पुढं काही उरलं नाही. खुंट मेला.'

कुंदानं ते तीनदा वाचलं. ही चूक कलमवाल्याच्या घरातच होऊ शकत होती. डोळ्याखाली जे फुटतं ते न बघता चाकूनं उडवायचं, ही तिथली सवय. यास्मीन तो शब्द इटालियन धर्तीनं 'इन्यीस' असा वाचायची, म्हणून तिला त्यात काही दिसलंही नसेल. पण इग्निस म्हणजे आपल्या अग्नीचा सख्खा चुलतभाऊ. एकाच आजोबांची नातवंडं. तिकडचा फुटवा छाटला गेला. इकडचा होमात, चितेत, घराघरातल्या 'आग' या शब्दात धगधगतो आहे. कुंदा हे झोपेत सांगू शकली असती.

तिच्या मनात हॉल उभा राहिला. पहिल्या रांगेत भगवंतराव, संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, चुका टिपण्यात पटाईत. ते उठतील. म्हणतील, मुली, अग्नी ऐकला नाहीस कधी? पोरगी गडबडेल. मग बापूसाहेब मागं वळतील आणि म्हणतील, कुंदाताई, आता तुम्हीच या वर.

तिनं पहिल्या पानावर दोन वेलांट्या सुधारल्या. चौथ्यावर एक काना. सातव्या पानाच्या कोपऱ्यात तिनं बरोबरची खूण केली. हात जरासुद्धा थरथरला नाही, हे तिला नंतर जास्त लागलं.

व्याख्यान दुपारी चारला होतं. शंभर खुर्च्या, चाळीस माणसं. कुंदा ठरलेली साडी नेसून तिसऱ्या रांगेत बसली. शेवटच्या रांगेत यास्मीनचे वडील वाहेद, मोर्शीच्या रोपवाटिकेतल्या दोघांना घेऊन, खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसले होते. हाताच्या अंगठ्याचं नख काळं, चाकूला टेकून टेकून झालेलं.

यास्मीन बोलली. फळ्यावर खुंट काढला, चीर काढली, डोळा बसवला. लोक पुढं सरकून ऐकू लागले. बिडीला चूल द्या, या वाक्यावर सगळा हॉल हसला. ते वाक्य कुंदाचं होतं, यास्मीन नववी ब मध्ये असतानाचं. कुंदा हसली नाही. सातवं पान जवळ आलं तशी तिनं भगवंतरावांकडं नजर लावली. खुंट मेला, असं यास्मीन म्हणाली. भगवंतरावांची हनुवटी छातीवर टेकली होती. ते शांत झोपले होते.

टाळ्या झाल्या. बापूसाहेबांनी विचारलं, "कुणाला काही प्रश्न?"

शेवटच्या रांगेतून वाहेद उठले.

"सवाल नाही साहेब. मले समजलं नाही म्हणून इचारतो. बेटा, खुंट मेला म्हणते तू?"

"हो अब्बा."

"मंग वरचं झाड कोणाच्या भरोशावर उभं हाय?"

लोक हसले. वाहेद हसले नाहीत.

"खुंट मेला तं संत्रा बी वाळते. दिसत नाही म्हणून त्याले मेला नाही म्हणत. कुठीतरी जिता असन तो. जरा खालून पाह्य बरं, बेटा."

यास्मीननं कागदाकडं पाहिलं, फळ्याकडं पाहिलं. मग माइकमध्येच म्हणाली, "अब्बा, मले नाही माहीत." आणि लगेच, "पण असनारे मॅडम इथं आहेत. मला हे सगळं त्यांनीच शिकवलं. हे लिखाणही त्यांनी तपासलं आहे. मॅडम, तुम्ही सांगाल?"

चाळीस माना तिसऱ्या रांगेकडं वळल्या.

कुंदाला हवं होतं ते अगदी हवं तसं आलं होतं, फक्त त्यात 'तपासलं आहे' एवढं जास्त होतं. ती वर गेली. खडू घेतला आणि यास्मीनच्या खुंटाखाली मुळं काढली. एका मुळावर इग्निस, दुसऱ्यावर अग्नी, आणि दोघांच्या खाली, जिथं फळा संपत होता, तिथं एक रिकामी जागा सोडली. ती भाषा कुणी लिहून ठेवली नाही, ती म्हणाली, पण पाणी तीच ओढते. दहा मिनिटं ती बोलली. अग्नी हा शब्द कानावर पडताच भगवंतराव जागे झाले आणि "वा!" म्हणाले. टाळ्या यास्मीनपेक्षा जास्त पडल्या. कुंदानं त्याही मोजल्यासारख्या ऐकल्या.

"अहो, पण कुंदाताई," बापूसाहेब सरळ मनानं म्हणाले, "तपासताना नाही का दिसलं हे?"

"नजरेतून सुटलं," कुंदा म्हणाली.

"माझीच चूक," यास्मीन पटकन म्हणाली. "अक्षर फार बारीक छापलं होतं मी." आणि ती पुन्हा खाली मान घालून लिहू लागली. कुंदा बोलत होती तेव्हापासून ती पानांच्या पाठीवर सगळं उतरवून घेत होती.

कुंदानं ते पाहिलं, आणि टाळ्या कानात असतानाच पुन्हा ती कळ उठली. मले नाही माहीत. चाळीस माणसांसमोर, बापासमोर, माइकमध्ये. म्हणाली आणि काही झालं नाही तिला. तीस वर्षं वर्गात उभं राहून कुंदाला हे तीन शब्द एकदाही म्हणता आले नव्हते. रोमानियन शब्दाला एक वर्ष लागलं, कारण अमरावतीच्या व्याख्यानमालेतच कुणाला विचारायची तिला लाज वाटली होती.

चहाच्या वेळी ती व्हरांड्यात एकटी उभी होती. वाहेद कप घेऊन आले.

"मॅडम, लय भारी सांगतलं तुमी. मी कलम बांधून रायलो तीस साल, मले आज समजलं मी काय करून रायलो."

"तुमचा प्रश्न नसता तर राहूनच गेलं असतं."

वाहेदनं बशीत चहा ओतला, फुंकला.

"आमच्यात मॅडम, उस्ताद एक गोष्ट सांगतच नाही शागिर्दाले. पट्टी खालून वर गुंडाळाची असते. वरून खाली गुंडाळली की पानी आत शिरते, डोळा सडते. मह्या उस्तादानं मले सांगतलंच नाही. चारशे डोळे सडले माहे. तो पाहे अन्‌ म्हणे, छान बांधली. मले वाटे, त्याच्या नजरेतून सुटलं." त्यांनी चहा प्यायला. "मंग मी सोता उस्ताद झालो. मी बी नाही सांगत पोरायले. सालभर तं नाहीच."

"का?"

"आता काय सांगू. त्यायचे हात लवकर चालतात."

ते ओशाळून हसले आणि कप ठेवायला गेले. त्यांनी मुद्दाम म्हटलं की सहज, हे कुंदाला शेवटपर्यंत कळलं नाही.

बस साडेसहाची होती. यास्मीन तिची पिशवी घेऊन तिला स्टँडवर सोडायला आली. शेगावची बस लागली, परतवाड्याची सुटली. यास्मीन अजून त्या मुळांबद्दलच विचारत होती, अग्नीचं आग कसं झालं, मधे काय काय झालं.

"यास्मीन," कुंदा म्हणाली, "सातवं पान. मला दिसलं होतं ते."

"काय?"

"चूक दिसली होती. मी खूण केली. बरोबरची."

यास्मीन थांबली. "काहून मॅडम?"

कुंदाच्या तोंडी पुष्कळ उत्तरं आली. डोळे दुखत होते. घाई होती. तिनं ती गिळली.

"तू कलम म्हणालीस ना त्या दिवशी. मला अठरा वर्षांत सुचलं नाही ते. फार जळले मी."

यास्मीननं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मॅडम असू द्या, असं ती म्हणेल, अशी कुंदाला आशा होती. ती तसं म्हणाली नाही. अकोल्याची बस लागली, तेव्हा तिनं खिडकीतून पिशवी आत दिली आणि बस सुटायच्या आधीच पाठ फिरवून चालू लागली. मूर्तिजापूर येईपर्यंत कुंदानं पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

महिना गेला. बेबीताईंनी दोनदा विचारलं, भाषणाचं काय झालं, आणि कुंदा दोन्ही वेळा म्हणाली, चांगलं बोलली पोरगी. तिसऱ्या वेळी म्हणाली, फार चांगलं बोलली.

फेब्रुवारीच्या शेवटी एक लिफाफा आला. वाचनालय त्या भाषणाची पुस्तिका काढणार होतं. आता पानं सोळा होती. चिठ्ठीत या वेळी नमस्कार नव्हता, मॅडमही नव्हतं. एकच ओळ: 'सगळ्या चुका काढा.'

शनिवारची सकाळची शाळा आटोपून कुंदा लाल पेन घेऊन बसली. पहिल्या पानापासून सुरुवात केली. एका ठिकाणी पोर्तुगीज शब्दाचा उच्चार चुकला होता, तो तिनं समासात लिहून दिला. अग्नीवरून आगीकडं येताना मधली एक पायरी गाळली होती. ती लिहायला जागा पुरेना, म्हणून तिनं वेगळा कागद जोडला. दोन ठिकाणी कुंदाचं स्वतःचं वाक्य तिचं नाव न घालता आलं होतं. तिथं ती थबकली आणि काही न लिहिता पुढं गेली. ऊन ओसरीवरून खाली उतरेपर्यंत अकरा चुका निघाल्या. एकही सोडली नव्हती.

शेवटच्या पानावर यास्मीननं लिहिलं होतं: 'चुलीतला विस्तव शेजारणीकडून मागून आणता येतो, तसेच शब्दही. मागायला गेलेली बाई कमी होत नाही आणि देणारीची चूल विझत नाही.'

कुंदा त्या ओळींपाशी पेन धरून बसली. पोटात कळ उठली, ओळखीची, जुनी. तिनं वाक्य शब्दाशब्दानं पुन्हा तपासलं. काना बरोबर होता, वेलांटी बरोबर होती, अर्थ बरोबर होता. तिनं तिसऱ्यांदा तपासलं.

चूक नव्हती.

तिनं कोपऱ्यात बरोबरची खूण केली, आणि या वेळी तिचा हात चांगलाच थरथरला.